भूतकेस घाटात, म्युसेंडा अंगणात

महाबळेश्वर ओलांडून पोलादपूरच्या दिशेने आंबेनळी घाट उतरू लागले की पावसाळ्यात एक झुडूप हटकून नजरेत भरते. सगळीकडे हिरवे, आणि मध्येच चार-दोन दुधासारखी पांढरी पाने. जणू कुणी कागदाचे कपटे फांदीत अडकवून ठेवले आहेत. जवळ जाऊन पाहावे तर प्रत्येक पांढऱ्या 'पाना'शेजारी नारिंगी-पिवळ्या, चांदणीसारख्या लहान फुलांचा घोस असतो. ते पांढरे पान हे पान नसतेच. फुलाच्या हिरव्या पाकळ्यांपैकी, म्हणजे निदलांपैकी, एकच निदल वाढून पानाएवढे होते आणि लांबून फुलपाखरांना बोलावते. हा आपला भूतकेस. त्याचे शास्त्रीय कुलनाम म्युसेंडा.

आता घाट चढून परत यावे आणि तीसेक किलोमीटर खाली वाईला उतरावे. तिथल्या कोणत्याही रोपवाटिकेत 'म्युसेंडा' मागितला की मिळतो. पण तो गुलाबी. निदले एक सोडून पाचही फुगलेली आणि झुडूप वर्षातले सहा-आठ महिने गुलाबी रुमालांनी लगडलेले. बंगल्यांपुढे, शाळांच्या आवारात, बँकेच्या दारात तोच. हा म्युसेंडा आला फिलिपाईन्समधून. डोक्यावरच्या डोंगरात उगवणारा भूतकेस मात्र वाईच्या एकाही अंगणात आम्हांला आजवर दिसलेला नाही.

असे का व्हावे? आपले लोक झाडाफुलांचे कमी शौकीन होते म्हणून? की रानातली झुडपे घरी आणताच येत नाहीत म्हणून? या प्रश्नाशी आमची पहिली गाठ पडली ती एका फसलेल्या उद्योगामुळे.

आम्ही पदवीच्या वर्गात असताना, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, एका जूनमध्ये महाबळेश्वरच्या पठारावरून अंजनीची पाच रोपे खणून आणली. जागा ओळखीच्यांच्या मालकीची होती, परवानगीही घेतली होती. अंजनी म्हणजे महाबळेश्वरच्या रानातले अगदी ठरलेले झाड. कुठे झुडूप, कुठे बुटका वृक्ष. उन्हाळ्याच्या तोंडाला जुन्या फांद्यांना चिकटून निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके येतात. असे झुडूप घरी असावे असे कुणालाही वाटेल. आम्ही ती रोपे कृष्णेकाठच्या आमच्या परसात, उत्तम काळ्या जमिनीत लावली. शेणखत घातले, पाणी घातले. दसऱ्यापर्यंत पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. होळीला पाचही काटक्या उपटून जाळणात टाकल्या. रोपे खणताना शेजारी गुरे राखणारे एक म्हातारबाबा उभे होते. ते म्हणाले होते, "पोरांनो, नेताय खरं, पर त्येला हितलीच माती लागती." आम्ही वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी. आम्ही हसलो होतो.

नंतर कळले की हा प्रश्न फार जुना आहे आणि त्यावर फार पूर्वीच विचार झाला आहे. वाईत संस्कृत ग्रंथांची वाण कधीच नव्हती. प्राज्ञ पाठशाळेचे हे गाव. पुढे मराठी विश्वकोशाचे कामही इथूनच चालले. तेव्हा वराहमिहिराची 'बृहत्संहिता' चाळायला मिळणे कठीण नव्हते. सहाव्या शतकातल्या या ग्रंथात वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवण्याची रीत दिली आहे. फांद्या न फुटलेली रोपे शिशिरात हलवावीत, फांद्या फुटलेली हेमंतात, आणि चांगले खोड धरलेली पावसाच्या आरंभी. हलवताना मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यावा. तूप आणि मध वाचून आज हसू येईल, पण लेपामागचा विचार पाहावा: उघडे पडलेले मूळ सुकू द्यायचे नाही.

त्याच अध्यायात दुसरी एक यादी आहे, आणि आमच्या मते ती जास्त महत्त्वाची. मूळ न हलवता नुसती फांदी तोडून, शेणाने लिंपून लावली तरी जगणाऱ्या झाडांची ही यादी. त्यात फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष ही नावे आहेत आणि शेवटी अतिमुक्तक आहे. अतिमुक्तक म्हणजे माधवीलता, आपल्याकडे हळदवेलही म्हणतात. सह्याद्रीच्या रानात ती आपली आपण वाढते. सुगंधी पांढरी फुले येतात आणि तीन पंखांची फळे भिंगरीसारखी फिरत खाली येतात. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी एक रानटी फुलझाड बागेत आलेले होते, आणि ते उपटून नव्हे तर फांदीवाटे आलेले होते. या भेदाकडे आम्ही विद्यार्थीदशेत लक्ष दिले असते तर पाच अंजनी वाचल्या असत्या.

वाई-महाबळेश्वरच्या परिसरात झाडे हलवण्याचा मोठा उद्योग सुरू झाला तो इंग्रजांच्या काळात. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ मध्ये महाबळेश्वरी आला आणि हवेवर खूष झाला. १८२९ च्या तहाने साताऱ्याचे महाराज प्रतापसिंह यांनी हे पठार कंपनीला दिले आणि बदल्यात वाई परगण्यातले खंडाळा गाव घेतले. साहेब लोक आले, त्यांच्यामागे बंगले आले आणि बंगल्यांभोवती बागा आल्या. १८३० च्या दशकात इथे तुरुंग बांधून चिनी आणि मलायी कैदी ठेवले गेले. या चिनी कैद्यांनी बटाटे आणि विलायती भाजीपाला पिकवून साहेबांच्या टेबलांची सोय केली. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला, पण 'चायनामन' धबधब्याच्या नावात ती माणसे अजून आहेत. पुढे पाचगणीत जॉन चेसन याने १८६० च्या दशकात बाहेरदेशीची झाडे लावण्याचा धडाका लावला. ऑस्ट्रेलियातला सिल्व्हर ओक तिथे असा काही रुजला की आज पाचगणीचे चित्र त्याच्यावाचून काढताच येत नाही.

सगळेच रुजले असे मात्र नाही. लिंगमळ्याला त्याच दशकात सरकारने सिंकोना लावून पाहिला. हिवतापावरचे क्विनाइन ज्याच्या सालीतून मिळते ते हे दक्षिण अमेरिकेतले झाड. निलगिरीवर आणि दार्जिलिंगकडे ते जगले, महाबळेश्वरला नाही. चार महिने बेफाम पाऊस आणि मग आठ महिने जवळजवळ कोरडे, हा हिशेब त्याला मानवला नाही. सुमारे दहा वर्षांनी तो प्रयत्न सोडून देण्यात आला. पैसा आणि माणसे यांची कमतरता नसलेल्या सरकारचीही अशी फजिती झाली, हे वाचून आमच्या पाच काटक्यांचे दुःख थोडे हलके झाले.

त्या काळच्या या सगळ्या उलाढालीचे केंद्र होते पुण्याजवळ दापुरीला, म्हणजे आजच्या दापोडीला. माल्कमच्याच कारकिर्दीत तिथे सरकारी वनस्पती-उद्यान सुरू झाले. १८३८ च्या सुमारास त्याचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आला. हा स्कॉटिश डॉक्टर आधी दख्खन-खानदेशात देवी टोचत फिरलेला, त्यामुळे मुलूख आणि माणसे दोन्ही ओळखणारा. त्याने दापुरीला आणि जुन्नरजवळ हिवऱ्याला रोपे वाढवून मुंबई इलाखाभर बिया आणि रोपे वाटली. १८४७ मध्ये तो इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. दापुरीच्या बागेतल्या झाडांची जलरंगातली पावणेदोनशेच्या घरातली चित्रे त्याने काढून घेतली. ती एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात होती आणि २००२ मध्ये हेन्री नोल्टी यांनी ती पुस्तकरूपाने पुढे आणली. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच नोंदले गेले. त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. या चित्रांत देशी झाडे आहेत तशी परदेशीही आहेत. म्हणजे बागेत दोन्हींना जागा होती. मग बागेबाहेर, लोकांच्या अंगणात, परदेशीच का गेली?

याचे एक उत्तर प्रवासात आहे. समुद्रमार्गे रोपे नेणे हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ अशक्य काम होते. खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांत बहुतेक रोपे वाटेतच मरत. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टराने रोपांसाठी काचेची बंद पेटी काढली. पानांतून बाहेर पडलेली वाफ काचेवर थिजते आणि परत मातीत उतरते, त्यामुळे पाणी घालावेच लागत नाही. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या सिडनीला गेल्या आणि आतली रोपे जिवंत पोचली. त्यानंतर जगभर झाडांची ने-आण फार सोपी झाली. पण पेटीसुद्धा सगळ्यांना वाचवत नाही. ज्या झाडाच्या हातभर फांदीतून दुसरे झाड होते तेच सर्वांत सहज फिरते, पेटीतही आणि बैलगाडीतही.

आपल्या बागेकडे या दृष्टीने एकदा पाहावे. देवळाच्या आवारातला पांढरा चाफा अमेरिकेतला आहे. त्याची फांदी तोडून आठवडाभर तशीच पडू दिली आणि मग लावली तरी फुटते, कारण आपल्यापुरते पाणी ती जाड सालीखाली घेऊनच हिंडते. बोगनवेल ब्राझीलची. फिलिबेर कॉमर्सन या फ्रेंच वनस्पतिज्ञाने ती १७६७ मध्ये रिओला पाहिली आणि आपल्या नौकाप्रमुखाचे, बूगँव्हीलचे, नाव तिला मिळाले. तीही फांदीवर चालते. पॉइन्सेटिया मेक्सिकोचा, तिथला अमेरिकन वकील जोएल पॉइन्सेट याने तो १८२८ च्या सुमारास आपल्या देशी धाडला, म्हणजे इकडे माल्कम महाबळेश्वर चढत होता त्याच सुमारास. तोही फांदीवाला. आपली डबल तगर घ्या. तिला बहुधा बी धरतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती शेजारणीकडून शेजारणीकडे फांदीनेच गेली आहे.

गुलाबी म्युसेंड्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. फिलिपाईन्समध्ये मकिलिंग नावाच्या डोंगराच्या उतारावर विसाव्या शतकाच्या आरंभी एक वेगळेच झुडूप सापडले. एकाऐवजी पाचही निदले मोठी आणि पांढरी झालेली होती. निसर्गात असे बदल अधूनमधून होतात आणि त्या झाडाबरोबर संपून जातात. त्यात या झुडपाला बीही धरत नव्हते. पण कुणीतरी त्याच्या फांद्या घेतल्या, त्या जगवल्या, आणि पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी अरोरा केझॉन यांचे नाव देऊन ते प्रसिद्ध केले. मग आफ्रिकेतल्या लाल म्युसेंड्याशी त्याचा संकर करून गुलाबी जाती काढण्यात आल्या. त्यांतल्याच आपल्याकडे आल्या. म्हणजे रानातल्या झुडपाची बागेत बदली कशी करावी याचा उत्तम धडा फिलिपाईन्समध्ये गिरवला गेला, तोही भूतकेसाच्याच भावंडावर. झुडूप जागचे हलवले नाही. त्याची फांदी हलवली.

आमच्या मते आपल्या अंगणांचा इतिहास निम्मा इथेच सांगून होतो. कोणते झाड सुंदर, यावर बाग ठरली नाही. कोणते झाड माळ्याच्या हाताला सोपे, यावर ठरली. भूतकेसाची फांदीही मुळे धरते, पण मनासारखी नाही. शंभरातल्या सत्तर फुटणाऱ्या झाडांपुढे ती रोपवाटिकेला परवडत नाही. शिवाय फुले पावसात, म्हणजे गिऱ्हाईक घरात असते तेव्हा.

सोपेपणाची दुसरी बाजूही महाबळेश्वर-वाईच्या उतारांवर ढळढळीत दिसते. घाणेरी, म्हणजे टणटणी, ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. शोभेचे झुडूप आणि कुंपण म्हणून ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या उद्यानात आली. रंग बदलणारी फुले, वर्षभर बहर, गुरे तोंड लावत नाहीत. कुंपणाला आणखी काय हवे? पण बोगनवेलीसारखी ती बीवाचून राहणारी नव्हती. तिची काळी फळे बुलबुल खातात आणि बिया डोंगरभर टाकतात. आज पसरणीच्या घाटात रस्त्याकडेच्या झुडपांत ती किती आहे ते मुलांना मोजायला लावावे. बागेने डोंगराकडून फारसे घेतले नाही, पण डोंगराला हे दिले. यात एकट्या परक्यांना दोष द्यायचे कारण नाही. आपली माधवीलता शोभेसाठी मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर गेली, आणि तिथल्या रानात ती आज तशीच डोकेदुखी होऊन बसली आहे.

आता आमच्या अंजनीकडे वळू. ती का मेली?

झाड उपटताना आपण मुळे पाहतो ती जाड, काष्ठमय. पाणी शोषण्याचे काम ती फारसे करत नाहीत. ते काम टोकाकडच्या कोवळ्या मुळांवरचे सूक्ष्म मूलरोम करतात. १९३७ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड डिटमर याने राय या धान्याचे चार महिन्यांचे एकच रोप काळजीपूर्वक मातीतून सोडवून मोजणी केली. मुळांची एकूण लांबी भरली सुमारे ६२० किलोमीटर आणि मूलरोम सुमारे १४०० कोटी! हे सगळे एका लहानशा पेटीतल्या मातीत. आपण फावडे मारतो तेव्हा यातले बहुतेक जागेवरच राहते. पाने मात्र तेवढीच असतात आणि पूर्वीइतकीच वाफ सोडत राहतात. जमा बंद, खर्च चालू. म्हणून जुने माळी झाड हलवण्याच्या एक हंगाम आधी मुळांभोवती गोल चर खणतात, म्हणजे खोडाजवळ नवी बारीक मुळे फुटतात. हलवताना पाने छाटतात आणि मातीचा गड्डा फुटू देत नाहीत. वराहमिहिराचा लेप याच जातीचा.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. मोहरीची किंवा झेंडूची दहा रोपे घ्यावीत. पाच मातीच्या गड्ड्यासह हलवावीत, पाच मुळे धुऊन. धुतलेल्यांपैकी दोनांवर काचेची बरणी उपडी घालावी. दुसऱ्या दिवशी दुपारी कोणती माना टाकतात ते पाहावे. वॉर्डची पेटी आपोआप समजते.

पण आमची अंजनी सुकून मेली नव्हती, पिवळी पडून मेली होती. ते दुखणे वेगळे. महाबळेश्वरचे पठार सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वाई सुमारे ७०० मीटरवर आणि पाऊस हजाराच्या आत. दोन्हीकडे मुळातला खडक एकच, काळा बेसाल्ट. पण वर लाखो वर्षांच्या पावसाने त्यातला चुना आणि इतर क्षार धुऊन नेले आणि लोह व अॅल्युमिनियम यांनी भरलेला तांबडा जांभा मागे राहिला. ही जमीन आम्लधर्मी. खाली कृष्णाकाठी काळ्या जमिनीत चुना साचला; तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे सापडतात. तसला खडा घेऊन त्यावर लिंबू पिळावे, फसफसताना दिसतो. जांभ्यावर पिळावे, काहीही होत नाही. तीस किलोमीटरच्या रस्त्यात जमिनीचा स्वभाव असा पालटतो.

अंजनीच्या पानांत अॅल्युमिनियम मोठ्या प्रमाणात साठते. दक्षिणेतले कापड रंगवणारे रंगारी चायमुळाच्या लाल रंगाबरोबर हिची पाने वापरत. तुरटीसारखा रंग पक्का करण्याचा गुण तिच्यात यातूनच येतो. इतर बहुतेक झाडांना विषारी ठरणारा हा धातू पचवून राहणारी झाडे आम्ल जमिनीची रहिवासी असतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते मुळांना उचलता येत नाही. शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे, ही त्या उपासमारीची खूण. आम्ही 'उत्तम' काळी जमीन दिली हाच आमचा अपराध होता. जमीन कुणासाठी उत्तम, हे विचारायला हवे होते.

त्यातच मुळांच्या सोबत्यांची भर. रानातल्या बहुतेक झाडांच्या मुळांशी बुरशीची भागीदारी असते. १८८५ मध्ये फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने तिला 'कवकमूल' अशा अर्थाचे नाव दिले. बुरशी दूरवरचे स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देते. गड्डा फुटला की ही भागीदारीही तुटते. म्हणून झाडाबरोबर त्याच्या बुडातली पालापाचोळ्याची माती ओंजळभर आणावी असे सांगतात. म्हातारबाबांनी नेमके हेच सांगितले होते, वेगळ्या शब्दांत.

काही झुडपांची अडचण मातीची नसते, काळाची असते. कारवी हे त्याचे उदाहरण. डोंगरउतार झाकून टाकणारी, कुडाच्या भिंतींना पिढ्यान्‌पिढ्या काठ्या पुरवणारी कारवी सात वर्षे नुसती पानांवर राहते, आठव्या पावसाळ्यात एका टापूतली सगळी एकदम जांभळी फुलते आणि मरते. त्या वर्षी मधाच्या पोळ्यांची चंगळ असते. सुकलेली बोंडे झाडावरच राहतात आणि पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींनी तडकून बिया उडवतात. फुललेली कारवी पाहून जो माणूस तिचे रोप उपटून घरी नेतो तो मरणाऱ्या झाडाची वरात काढत असतो. न फुललेली नेली तर फुलाची वाट किती पाहायची ते त्यालाच ठाऊक नसते. कोणती रोपवाटिका असला माल ठेवील?

गंमत अशी की ज्या झुडपांना आपल्या अंगणात जागा मिळाली नाही त्यांतल्या काहींची मराठी नावे लॅटिनमध्ये जाऊन बसली. गिब्सनचा सहकारी आणि पुढे त्याच्याच जागी आलेला निकोल डालझेल याने घाटातल्या वाकेरीला, शेंदरी-पिवळ्या तुऱ्यांच्या त्या काटेरी वेलीला, 'वागाटिया' असे कुलनाम मराठी नावावरून दिले. विसाव्या शतकात कारवीची 'कार्व्हिया' झाली. डालझेल आणि गिब्सन यांचे 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ मध्ये छापले गेले. त्यात देशी वनस्पती मुख्य ग्रंथात आणि बाहेरून आलेल्या पुरवणीत आहेत. आज अंगणे पाहून कुणी पुस्तक लिहिले तर पुरवणीच मुख्य ग्रंथ होईल.

डालझेलनेच १८६० च्या दशकात एका नव्या वनस्पतीला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरचे नाव देऊन 'फ्रेरिया इंडिका' म्हटले. आपल्याकडे ती शिंदळ माकुडी. फ्रिअर त्याआधी साताऱ्याला रेसिडेंट होता, आणि ही माकुडी साताऱ्याजवळच्या सज्जनगडाच्या कड्यावरही आहे, हा योगच. मांसल खोडाची, तांबड्या मखमलीवर पिवळे ठिपके असलेल्या ताराकृती फुलांची ही वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवर उगवते. ती झुडूप म्हणण्याइतकी मोठी नाही, तरी इथे आठवते. कारण तिचा बोटभर तुकडासुद्धा मुळे धरतो. एका तुकड्यातून कुंड्याच्या कुंड्या भरता येतात. तरीही कड्यावरून अख्खी झाडे ओरबाडून नेणारे संग्राहक झालेच. नाव दुर्मीळ झाले की हावरेपणा वाढतो, आणि शोभेच्या झाडांचे शौकीन त्याला अपवाद नाहीत. आम्हीही एकेकाळी त्यांच्याच रांगेत फावडे घेऊन उभे होतो.

आता कायदा आडवा आहे आणि तो योग्यच आहे. राखीव जंगलातून झाड सोडाच, पालाही नेणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा ठरतो. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. पण मालकीच्या जमिनीवर हॉटेल किंवा शेतघर उठते तेव्हा तिथली अंजनी, भारंगी, धायटी यंत्राने एका दुपारी साफ होतात आणि त्यांच्या जागी हिरवळ अंथरून कडेला गुलाबी म्युसेंडा लावतात. अशा जागेवरची झुडपे पाया खणण्याआधी हलवणे हे आम्हांला समर्थनीय वाटते. पण ती वरच, जांभ्यातच, दुसऱ्या बंगल्याच्या आवारात गेली तर. वाईला आणून मारण्यात अर्थ नाही.

वाईकरांनी काय करावे? ज्यांना काळी जमीन आणि कमी पाऊस चालतो अशी झुडपे निवडावीत. कोरांटी आपल्या माळावरचीच. धायटी कोरड्या उतारावर लालभडक फुलते; तिचे बी धुळीसारखे बारीक असते, पसरट कुंडीत वरवर पेरून वर भिजले गोणपाट टाकावे. भारंगीचे बी पिकल्याबरोबर पेरावे. रानजाईची, म्हणजे कुसरीची, लांब फांदी जागेवरच मातीत दाबून मुळे फुटल्यावर वेगळी करावी. अंजनी हवीच असेल तर कुंडीत, जांभ्याच्या मातीत आणि पावसाच्या पाण्यावर. विहिरीच्या पाण्यातला चुना तिला पुन्हा त्याच वाटेने नेतो.

आम्ही आता भूतकेसाच्या मागे आहोत. दोन वर्षांपूर्वी परवानगीने घेतलेल्या बारा फांद्या आषाढात लावल्या, वर उपड्या बरण्या घातल्या. चार फुटल्या. त्यांतल्या दोन गेल्या उन्हाळ्यात गेल्या, एक नुसतीच उभी आहे आणि एकीला या श्रावणात पहिले पांढरे निदल आले. शेजारच्या एका शिक्षिकेने तिच्या फांद्या शाळेसाठी मागून ठेवल्या आहेत. त्याच शाळेत मुलांनी जांभ्याची माती भरलेल्या दोन जुन्या बादल्यांत कारवीचे बी पेरले आहे. उगवण बरी झाली. पाचवीतल्या मुलांनी बादलीवर पांढऱ्या रंगाने पेरणीचे वर्ष लिहिले आहे आणि त्याखाली, आठ मिळवून, दुसरे एक वर्ष.